अर्धवट नावाचा शोध

आमच्या वाचनालयातील जुन्या दस्तऐवजांच्या छायाप्रती संगणकावर चढविण्याचे काम निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या हातांनी झाले असल्यामुळे त्या फायलींना मिळालेली नावेही तितक्याच तऱ्हांची आहेत. आणि या दप्तराची देखरेख मजकडे असल्याने, पुरे नाव ठाऊक नसताना फाइल हुडकून काढणे हे माझे नित्यकर्मच होऊन बसले आहे. येणाऱ्या जिज्ञासूपाशी एखादे गाव, एखादे आडनाव, एवढीच शिदोरी असते. पण स्मृतीचा हा त्रोटकपणा शोधाला बाधक होतो असे मला वाटत नाही. नावाचा जो अंश सर्वांनी सारखाच लिहिला असेल तेवढा ओळखता आला म्हणजे पुरे.

या कामी मी लिनक्सवरील 'फाइंड' ही आज्ञा वापरतो. तीत चांदणी म्हणजे कितीही अक्षरे, किंवा एकही नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेला हा संकेत मराठीच्या ऱ्हस्वदीर्घावर फार उपयोगी पडतो. 'वि' मधील वेलांटी डोळ्यांना 'व'च्या आधी दिसत असली तरी युनिकोडच्या व्यवस्थेत ती 'व'च्या नंतर, स्वतंत्र चिन्ह म्हणून साठविलेली असते; त्यामुळे 'व?नंती*' असे लिहिले की 'विनंती'ने आरंभ होणारी नावे जशी सापडतात, तशीच कोणी दीर्घ वेलांटी देऊन लिहिलेलीही सापडतात. हा नमुना अवतरणचिन्हांत घालण्याची खबरदारी मात्र घ्यावी लागते.

मध्यंतरी एक वृद्ध गृहस्थ आले. "अहो, कऱ्हाडचा एक फेरफार तुमच्याकडे असल्याचे ऐकले, आमच्या आजोबांच्या वेळचा आहे," एवढेच त्यांना सांगता येत होते. आता हे गावाचे नाव कोणी 'कराड' लिहितो, कोणी 'कऱ्हाड'. शिवाय त्यातला ऱ्ह दोन निराळ्या रीतींनी टंकित होऊ शकतो, आणि पडद्यावर तंतोतंत एकरूप दिसणारी दोन नावे संगणकाच्या लेखी सर्वस्वी भिन्न ठरतात, ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो डोळ्यांदेखत असलेली फाइल 'नाही' म्हणून परत पाठवील. म्हणून मधला सारा वादग्रस्त भाग चांदणीच्या हवाली करून मी 'क*ड' एवढेच दोन टोकांचे वर्ण धरले, दोहों बाजूंना चांदणी दिली आणि पुढे 'फेरफार' जोडले. काहीच निघाले नाही. कारण नमुन्यातील तुकड्यांचा क्रमही पाळला जातो, आणि नाव देणाऱ्याने गाव अगोदर लिहिले की विषय अगोदर, हे कोणी सांगावे? तेव्हा दोन्ही तुकडे दोन स्वतंत्र अटी म्हणून दिले, आणि कोणी शब्द तोडून लिहिला असेल या शंकेने 'फेरफार'ऐवजी नुसते 'फेर' ठेवले.

यादी आटोपशीर आली. फेरतपासणी, फेरआकारणी वगैरे बाजूला सारता 'फेर फार नक्कल कऱ्हाड पेठ' हे नाव उरले. फाइल उघडताच त्या गृहस्थांनी प्रथम वाचला तो सर्व्हे नंबर, आणि पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढून ते एकेक आकडा पडताळू लागले.