झाडीपट्टीत रीटेक नसतो

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला चित्रीकरणाचे पहिले काम बहुधा दोनच ठिकाणी मिळते : लग्नात, नाहीतर नाटकात. लग्नात कॅमेरा धरायला जमते. चित्रपटाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या निर्मितीत माणसे, वीज, आवाज, वेळ आणि पैसा यांचा जो मेळ घालावा लागतो, तो मात्र झाडीपट्टीच्या नाटकात एका रात्रीत पाहायला मिळतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या जंगल-धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात आणि तिथपासून होळीपर्यंत गावोगावी नाटके लागतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, असा जुना रिवाज. मंडळ्यांचे मोठे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. लोकांच्या तोंडी वडसा. नट, वादक, पडदे आणि ध्वनियंत्रणा गाडीत घालून मंडळी आज या गावी, उद्या त्या. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ प्रदर्शित झाला. तो या रंगभूमीवरचाच चित्रपट, आणि त्यात झाडीपट्टीतल्याच कलावंतांनी कामे केली आहेत.

नाटकाच्या चित्रीकरणात विद्यार्थ्याला बसणारा पहिला धक्का असा की इथे ‘कट’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसतो. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. ते कॅमेऱ्यासाठी थांबत नाही आणि एकदा म्हटलेला संवाद पुन्हा म्हणत नाही. त्यामुळे खरे काम आदल्या दिवशीच्या रेकीत होते. मांडव कुठे, जनरेटर किती लांब, विंगेतून रंगमंच किती दिसतो, माणसांच्या डोक्यावरून कॅमेरा जायला तिवई किती उंच लागेल, हे उजेडात पाहून ठेवावे लागते. परवानगीही तेव्हाच घ्यायची : मंडळीच्या मालकाची, नाटक लावणाऱ्या गावच्या मंडळाची आणि नटांचीही. नटांना विचारायचे राहून जाते आणि पुढे तेच नडते.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, म्हणून आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी घेतात आणि शटर एक-पन्नासांशावर ठेवतात. त्याने दिव्यांची लुकलुक टळते. हे पुस्तकातले. गावात पंखे, दिवे आणि भोंगे एकाच जनरेटरवर असले की त्याची गती डगमगते आणि चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. तेव्हा पुस्तक मिटून, पट्टे कमीत कमी दिसतील तिथवर शटर एकेक पायरी फिरवत नेणे एवढेच हाती उरते. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची आणखी एक गंमत : २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की ते आपणहून थांबतात. म्हणून दोन कॅमेरे पंधरा मिनिटांच्या अंतराने सुरू करतात, म्हणजे एक थांबला तरी दुसरा चालू असतो.

तुकडी लहान असली की कामांची वाटणी ठरलेली. कॅमेरा सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून आवाज सर्वांत नवख्याकडे येतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी, तीन जणांच्या तुकडीत प्रस्तुत लेखक हा तो नवखा होता. काम वीसेक मिनिटांच्या माहितीपटाचे. टांगलेल्या माइकांचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एका तारेने रेकॉर्डरमध्ये घ्यायचा, आणि आधार म्हणून एक मोबाइल विंगेत ठेवायचा, अशी योजना होती. कॅमेरे आणि रेकॉर्डर नंतर जुळवायला पाटीची टाळी लागते. नाटकात पाटी घेऊन रंगमंचावर जाणार कोण? म्हणून नांदीला तबल्यावर पडणारी पहिली थाप हीच खूण ठरली, आणि ती पाटीपेक्षा चोख निघाली.

चूक झाली ती रेकॉर्डरपाशी. नऊ वाजता मांडव रिकामा असताना पातळी तपासली, काटा हिरव्यातच होता. कोणाचा पाय लागू नये म्हणून रेकॉर्डर टेबलाखाली, पडद्याच्या गुंडाळीआड ठेवला आणि हेडफोन कॅमेऱ्यावरच्या मित्राला दिला. पुढे मांडव भरला, पोरांचा कल्ला वाढला, आणि मागच्यांना ऐकू जावे म्हणून साउंडवाल्याने मास्टर वर नेला. त्याचे काम त्याने नेटके केले. पण तार मास्टरनंतरची होती; मास्टर वर गेला तशी रेकॉर्डरमधली पातळीही वर गेली. काटा लाल होऊन बसला तो पहिला अंक संपेपर्यंत तिथेच राहिला. पहिल्या अंकाचा सगळा आवाज फाटला. आवाज हळू आला तर वाढवता येतो. फाटला तर त्यावर औषध नाही. रेकॉर्डर डोळ्यासमोर आणि हेडफोन कानावर, या नियमाला तेव्हापासून अपवाद केलेला नाही.

रात्री दोनच्या पुढे थंडीचा धडा. धानाच्या बांध्यांमधली डिसेंबरची रात्र आणि दोनेक हजार माणसांच्या श्वासाने उबलेला मांडव यांत बराच फरक असतो. चहाच्या टपरीचे दृश्य घेऊन कॅमेरा आत आणला की थंड काचेवर वाफ धरते. ती पुसली तरी पुन्हा येते. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून हळूहळू उबू देणे एवढाच उपाय, आणि तोवर जे घडते ते हुकते. थंडीत बॅटऱ्याही लवकर बसतात; जाणती पोरे त्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतात.

पहाटे प्रेक्षक घोंगड्या सावरत घरी निघतात तेव्हा तुकडीचे सर्वांत कंटाळवाणे काम सुरू होते. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने तासाला ४५ जीबी भरतात. सहा तासांचे, दोन कॅमेऱ्यांचे मिळून ५०० जीबीच्या वर. हे सगळे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड पुसायचे नाही. या वेळी डोळे मिटत असतात, आणि नेमके तेव्हाच कार्ड पुसले जाते. चित्रपटाच्या सेटवर या कामाला वेगळा माणूस असतो तो उगाच नव्हे.

जंगलातले चित्रीकरण विद्यार्थ्यांना फार खुणावते, पण शिकण्याच्या दृष्टीने ते दुसऱ्या पायरीवरचे. ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रात चित्रीकरणासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात बदल किंवा अपाय न करता करायचे चित्रपट-निर्मितीचे काम या कलमात स्पष्टपणे आले. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असते. वाघ कॉलशीट पाहून येत नाही, हे वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे आणि खरे तर जास्त बोलके चित्रण जंगलाच्या कडेच्या गावांत मिळते : रात्रीची राखण, कुंपण, मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाया.

भामरागडकडे गेले की प्रश्न भाषेचा येतो. गडचिरोली जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगालीही बोलली जाते. माडिया गावात मुलाखत दुभाष्यामार्फत घ्यावी लागते. एका म्हाताऱ्या बाईंना जुन्या सणांबद्दल विचारले. त्या चार-पाच मिनिटे हातवारे करून बोलल्या, मध्ये हसल्या, एकदा डोळे पुसले. दुभाष्या म्हणाला, “पहिले चांगलं होतं म्हणते.” अशा वेळी दुभाष्यावर रागवू नये आणि कॅमेराही बंद करू नये. मूळ बोलणे पुरते घ्यावे आणि नंतर भाषा येणाऱ्या दुसऱ्या माणसाला बसवून ओळ न् ओळ उतरवून घ्यावी. त्या बाईंच्या बोलण्याची पुढे दीड पान मराठी झाली. पावसाळ्यात मात्र तिकडचे बेत आखू नयेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो.

संकलन हा शेवटचा टप्पा. इथे नाटकाच्या रात्रीच्या चुका एकेक करून समोर येतात. काळे पट्टे आलेली दृश्ये बाजूला काढली, वाफ धरलेली गाळली, आणि पहिल्या अंकाच्या आवाजासाठी विंगेतला मोबाइल उघडला. तो नेमका प्रॉम्प्टरच्या स्टुलाशेजारी ठेवलेला होता. हंगामात तालमींना वेळ थोडा आणि प्रयोग रोजचा, म्हणून झाडीपट्टीत प्रॉम्प्टरवर फार भिस्त. मोबाइलमध्ये प्रत्येक संवाद आधी त्याच्या दबक्या, सपाट आवाजात येत होता आणि मागोमाग रंगमंचावरून नटाच्या खड्या आवाजात. दुसरा आवाज उपलब्ध नव्हता. कॅमेऱ्यांच्या आवाजात खोकला आणि पोरांचे रडणेच जास्त होते.

माहितीपट बावीस मिनिटांचा झाला. त्याच्या पहिल्या चार मिनिटांत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते.