सीताबर्डीहून आणलेली पेटी

पाहुणा आला की त्याला कुठे न्यायचे, हा प्रश्न आम्हा वर्धेकरांना पडत नाही. सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार, आणि वेळ उरलाच तर मगन संग्रहालय. वेळ बहुधा उरत नाही. मी स्वतः इथल्या एका महाविद्यालयात वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. पण त्या संग्रहालयात निवांतपणे गेलो तो गेल्या डिसेंबरात, आणि तेही एका कॉम्प्युटरच्या पायी!

त्याचे झाले असे. माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून दहाबारा वर्षांत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांत आर्वीकडच्या माझ्या आत्याच्या छत्तीस होत्या. हे सारे धन एका लॅपटॉपमध्ये. त्याची डिस्क एका मे महिन्यात बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्याने ती कानाशी धरली, आतली टकटक ऐकली आणि डॉक्टरांसारखी मान हलवली. विद्यार्थ्यांच्या फोनमधून बरेच काही परत मिळाले; आत्याच्या मात्र अकराच ओव्या मिळाल्या. पंचवीस गेल्या. पुन्हा म्हणून घ्याव्यात, तर आत्या आता नाही.

पुण्याला शिकणारी आमची कन्या म्हणाली, "बाबा, घरातच एक सर्व्हर ठेवा." सर्व्हर म्हणजे दुसरे काही नव्हे, रात्रंदिवस जागे राहणारे घरचे कोठार. कोणीही त्यात ठेवावे, कोणीही मागावे; मग मागणारा स्वयंपाकघरात असो की पुण्यात. कंपन्यांच्या कोठारात जागा भाड्याने मिळते, हे खरे. पण ते भाडे जन्मभराचे. आणि नवे यंत्र घ्यावे, तर सौ. ने त्याच महिन्यात घराच्या रंगाचा विषय काढलेला. तेव्हा जुने घ्यायचे ठरले. जुने म्हणजे कसले, हे मात्र ठरेना.

अशा मनःस्थितीत मी मगन संग्रहालयात गेलो. मगनलाल गांधींच्या नावाचे हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. आत चरख्यांची रांगच आहे. ते पाहताना मला १९२९ सालची ती प्रसिद्ध स्पर्धा आठवली. अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. आणि अटी काय? चरखा हलका व सहज नेता येण्याजोगा हवा. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे, ते बारा ते वीस नंबरचे. आणि कातणारी बाई थकून जाता कामा नये. किंमत दीडशे रुपयांच्या आत. नीट निगा राखली तर वीस वर्षे चालावा, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे साडेसात रुपये! ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. पण मी तिथेच, चरख्यांसमोर उभा राहून, वहीत त्या अटी माझ्यापुरत्या उतरवून घेतल्या. यंत्राची नुसती किंमत विचारणारा गिऱ्हाईक अर्धवट. त्याला रोज पोसायला काय लागेल, हेही विचारले पाहिजे.

पुढच्या रविवारी नागपूरची गाडी धरली. सिंदी, बुटीबोरी करीत सव्वाएक तासात नागपूर येते. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडे फुटलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात कचेऱ्यांतून निवृत्त झालेले कॉम्प्युटर थप्पीने रचलेले होते. त्या निवृत्तांत एक अजस्र सर्व्हर होता, चार माणसांनी उचलावा असा. दुकानदार म्हणाला, "सर, हाच घेऊन टाका न. बारा हजारात देतो. ते छोटे काय घेऊन राहिले?"

मोह झाला, खोटे कशाला बोलू? बारा हजारांत हत्ती! पण वही काढली. हत्ती काही काम नसतानाही शंभर वॅट खातो. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. म्हणजे वर्षाला ८७६ युनिटे. युनिट दहा रुपयांचे धरले तर दीड वर्षात हत्तीने स्वतःची किंमत पुन्हा खाल्ली. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज असा, की आमच्या दोन खोल्यांत ओवी ऐकूच येऊ नये.

छोटे म्हणजे जाड शब्दकोशाएवढी पेटी. लेनोवोची थिंकसेंटर टायनी, डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो अशी त्यांची नावे. यांतल्या बऱ्याच पेट्यांच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी टी हे अक्षर असते. तो कमी वीज घेणारा, पस्तीस वॅटचा वाण. रिकामी बसली असता अशी पेटी दहाबारा वॅटवर भागवते, म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास युनिटे. आणि स्वस्त का, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला, आणि इंटेलच्या सहाव्यासातव्या पिढीच्या यंत्रांना विंडोज ११ च्या पंगतीत पान नाही. आम्हाला त्या पंगतीत बसायचेच नव्हते. लिनक्स फुकट मिळते आणि या वयाच्या यंत्रावर सुखाने नांदते.

सहाव्या पिढीची पेटी साडेआठ हजारांना ठरली. दुकानदाराने वर जुनी डिस्क "फ्री" देऊ केली. कन्येने पढवून ठेवले होते, की डिस्क आपली रोजनिशी आपणच ठेवते. ती उघडून दाखवायला सांगा. दाखवली. एक्केचाळीस हजार तास! वर्षाचे तास ८७६०. म्हणजे बिचारी पावणेपाच वर्षे अहोरात्र फिरत होती. शिवाय खराब होऊन बदललेल्या जागांचा आकडा शून्य हवा, तो सतरा होता. मी हात जोडले. पेटी जुनी चालेल, मेमरी जुनी चालेल, पण आत्याचा आवाज ज्यावर ठेवायचा ती डिस्क नवीच. आणि एक नव्हे, दोन. एक आत, दुसरी बाहेर, रोज रात्री नक्कल उतरवायला. दोन्ही एकाच घरात असल्या तर चोराला किंवा आगीला एकच खेप पुरते, म्हणून तिसरी नक्कल पुण्याला कन्येकडे. नव्या डिस्कांनी पेटीपेक्षा जास्त पैसे खाल्ले, हेही सांगून टाकतो. सौ. ला अजून नक्की आकडा सांगितलेला नाही. हा अंक घरात आल्यावर काय होईल ते होवो.

घरी पेटीला जागा कोणती? आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कूलरसमोर ठेवावी तर ओली हवा. माळ्यावर ठेवावी तर भट्टी. शेवटी दिवाणखान्यातल्या फडताळाचे दार काढून पेटी तिथे बसवली. आतली धूळ ब्रशने झाडली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. घरच्या जाळ्यात यंत्राला नाव द्यावे लागते. मी 'सेगाव' दिले. पत्रे शेगावला जात म्हणून १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. ते जुने नाव आमच्या फडताळात राहिले, एवढेच. कन्या दोनदा 'शेगाव' टाइप करून "बाबा, लागतच नाही!" म्हणून रागावली.

दुकानदाराने एक गोष्ट मात्र फुकट आणि खरी सांगितली होती. यंत्राच्या मूळ मांडणीत एक कलम असते: वीज जाऊन आली की आपोआप सुरू व्हायचे की नाही. ते 'हो' करून घ्या.

यंदा मेच्या अखेरीस रात्री वादळ झाले. अकराच्या सुमारास सारे रामनगर अंधारात बुडाले. आम्ही दोघे गच्चीवर जाऊन बसलो. पाऊस चार थेंबच पडला, पण मातीचा वास आला. एकाएकी सौ. म्हणाली, "तुमच्या आत्याबाई आता अंधारात असतील." सव्वा तासाने वीज आली. आम्ही खाली उतरलो, तो फडताळात हिरवा दिवा लागलेला. तेवढ्यात पुण्याहून फोन. पलीकडून कन्या काही बोलली नाही. नुसती जात्याची घरघर आली, आणि तिच्या मागून आत्या.