कुपवाडच्या माळावरून

सांगली आणि मिरज हीं नांवें महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहींत? परंतु त्या दोघींच्या मध्यें, जरा उत्तरेस बसलेलें कुपवाड बाहेरच्यांच्या ध्यानांत सहसा राहत नाहीं. १९९८ सालीं तिन्ही मिळून एक महानगरपालिका झाली, तेव्हां पाटीवर त्याचें नांव तिसरें लागलें. तेंही बोलतांना पुष्कळांच्या तोंडून गळून जातें. माझा पुतण्या तेथील औद्योगिक वसाहतींत नोकरीस लागला, म्हणून त्याचें नवें बिऱ्हाड पाहण्याच्या निमित्तानें मी चार दिवस तेथें राहून आलों.

जुन्या गांवठाणांतून बाहेर पडलें कीं कारखान्यांचा भाग सुरू होतो. पत्र्याच्या छपरांखालीं दिवसभर यंत्रें घरघरत असतात, आणि पाळी सुटली म्हणजे रस्ता माणसांनीं भरून जातो. एके संध्याकाळीं चहा घेतांना पुतण्यानें वर्तमानपत्र बाजूस ठेवलें व तो म्हणाला, "काका, या सरहद्दीच्या बातम्या आपण वाचून करायचें काय? सरहद्द येथून शेंकडों कोस दूर!"

मी म्हटलें, "आज दूर आहे खरी. पण येथून दोन कोसांवर मिरज आहे ना? एके काळीं सरहद्दीचें ठाणें तेंच होतें. उद्यां सुटी आहे, चल, दाखवितों."

दुसऱ्या दिवशीं आम्ही मिरजेस गेलों. किल्ल्याचें आतां फारसें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु त्या जागीं उभें राहून दक्षिणेकडे तोंड केलें म्हणजे अठराव्या शतकांतील पुण्याची चिंता कळूं लागते. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख पेशव्यांस हवा होता, आणि म्हैसुरास हैदरअल्लीचें बळ वाढत होतें. पुण्याची फौज दसऱ्यानंतर निघे, विजय मिळवी, आणि पावसाळ्यापूर्वीं माघारी फिरे. कारण कृष्णेला पूर आला कीं मागची वाट बंद. फौज परतली कीं हैदर गेलेलीं ठाणीं पुनः घेई. ही अडचण थोरल्या माधवरावांनीं पुरती ओळखली. बाराही महिने सरहद्दीवर राहणारी फौज हवी, आणि तिचा खर्च तेथल्याच मुलुखानें सोसावा, हा त्यांचा विचार. १७६४ सालीं पटवर्धन कुळांतील तिघांच्या नांवें आठ हजार स्वारांच्या बेगमीचा सरंजाम लावून देण्यांत आला, तो या हेतूनें. त्या स्वारांची भाकरी आणि घोड्यांची वैरण या भागांतील शेतकऱ्यांच्या घामांतून आली, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु या व्यवस्थेच्या आदल्याच वर्षीं जें घडलें, तें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकानें मनन करावें असें आहे. पुण्यांत चुलत्या-पुतण्यांचें वितुष्ट होतें. गोपाळराव पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे, म्हणून राघोबादादांनीं १७६३ सालीं त्यांची मिरज काढून घेतली. गोपाळराव निजामास जाऊन मिळाले, आणि त्याच वर्षीं निजामाच्या फौजेनें पुणें जाळलें. ज्यानें सरहद्द राखावयाची, तोच शत्रूच्या गोटांत! पुढें ऑगस्टांत राक्षसभुवनीं निजामाचा मोड झाला. गोपाळरावांस मिरज परत मिळाली, आणि तेच हैदरावर चालून गेले. मिरज काढून घेतली तेव्हां राज्यानें आपलाच एक हात तोडला होता. परत दिली तेव्हां तो पुनः जोडला गेला.

हा धडा फार दिवस टिकला नाहीं. १७७२ मध्यें माधवराव वारले, १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला, आणि पुण्याचें सारें बळ घरच्या कज्ज्यांत अडकलें. हैदरानें संधि साधली. १७७७ सालीं सावशीच्या लढाईंत पटवर्धनांपैकीं कोन्हेरराव ठार झाले आणि पांडुरंगराव कैद झाले. ते श्रीरंगपट्टणच्या कैदेंतच वारले. भाऊबंदकी पुण्यांत झाली. तिचा दंड मिरजेच्या घरानें भरला. याच पांडुरंगरावांचे पुत्र चिंतामणराव. त्यांनीं पुढें १८०१ च्या सुमारास मिरजेहून वेगळें होऊन सांगली वसविली.

परराष्ट्रनीतीची कसोटी याहूनही अवघड होती. १७९० सालीं टिपूविरुद्ध पुणें, निजाम आणि इंग्रज एक झाले. तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन सहा महिन्यांहून अधिक काळ धारवाडास वेढा घालून बसले. १७९१ च्या वसंतांत तें हातीं आलें. १७९२ च्या तहानें टिपूचें अर्धें राज्य गेलें आणि मराठ्यांची हद्द तुंगभद्रेस भिडली. मात्र टिपू खचावा पण पुरता नाहींसा होऊं नये, हें नाना फडणिसांस कळत होतें. कारण तो होता तोंवर इंग्रजांस दक्षिणेंत मोकळें रान नव्हतें. १७९९ सालीं टिपू पडला, १८०० सालीं नाना गेले, आणि १८०२ च्या अखेरीस बाजीरावांनीं वसईचा तह करून आपलें रक्षण परक्यावर सोंपविलें. १८०३ च्या एप्रिलांत आर्थर वेलस्ली म्हैसुराकडून मिरजेवरून पुण्यास गेला. ज्या ठाण्यानें दक्षिणेची वाट अडवावयाची, त्याच्या जवळून परकी फौज विनाअडथळा गेली, इतकेंच नव्हे तर पटवर्धनांचे स्वारही तिच्याबरोबर चालले.

हें सारें आपणांस इतकें बारकाईनें कळतें तें वासुदेवशास्त्री खरे यांच्यामुळें. मिरजेच्या शाळेंत शिकवीत असतां त्यांनीं पटवर्धनांचें दप्तर चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले. त्या पत्रांत लढायांपेक्षां अधिक आढळतात ती पैशाची ओढ, शत्रूची बातमी आणि पुण्याचें मन आपल्याविषयीं साफ आहे कीं नाहीं ही धास्ती. सरहद्दीवरील माणसाच्या या तीन गरजा आजही तशाच आहेत. १९६२ सालीं हिमालयांतल्या चौक्यांवर आपल्या जवानांस थंडीचे कपडे आणि दारूगोळा पुरेसा नव्हता, हें आपण विसरलों नाहीं. शेजारी बलाढ्य असोत कीं दुबळे. चौकीवरील मनुष्याचा घरावर विश्वास नसेल तर तोफांनीं कांहीं होत नाहीं.

संध्याकाळीं आम्ही कुपवाडास परतलों. कारखान्याच्या दाराशीं रात्रपाळीचीं माणसें आंत जात होतीं. पुतण्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "काका, म्हणजे त्या स्वारांची वैरण हीसुद्धां सरहद्दच होती म्हणावयाची!"

मी कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र आलें तें त्यानें माझ्या आधीं उचललें.