पेडगावची थंडी

आमच्या पेडगावात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. परभणी जिल्ह्यातील थंडी ज्यांनी उघड्या अंगावर काढली, त्यांचे छायाचित्र मात्र कोणी काढले नाही.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, तर आमचा मुलूख चारशे मीटरच्या आसपास. तरीही २०१८ च्या डिसेंबरअखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. कारण साधे आहे. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. तिला अडवायला ढग नसतात. त्यात उत्तरेचे वारे सुटले की पहाट अंगावर येते.

परभणीहून मानवत रोडकडे जाताना आमचे स्टेशन लागते. लहानपणी पहाटेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की आम्ही भावंडे एकाच वाकळेत आणखी जवळ सरकायचो. ती वाकळ मायने जुन्या लुगड्यांची शिवलेली. घर कुडाचे, वारा फटीतून आत यायचा. दारात पऱ्हाट्यांची शेकोटी पेटायची, पण माय बजावायची, "बाबू, शेक घे, पण समद्या जाळू नको. सकाळच्या भाकरीला जळतण लागंल." ऊब आणि भाकर एकाच मोळीतून काढायची होती.

वडील सालगडी होते. गव्हाला थंडी मानवते. जितकी थंडी चांगली तितके फुटवे चांगले. पेरणीनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात पहिले पाणी द्यावे लागते, म्हणजे ऐन डिसेंबरात. मोटारीची वीज रात्री यायची. वडील अंगावर पोते पांघरून, अनवाणी, दांड फोडत वाफ्यावाफ्याने पाणी फिरवायचे. पहाटे घरी आले की त्यांच्या पायांना शेकोटीचा चटका बसला तरी कळत नसे. एकदा अशीच बोटे भाजली. मायने जखमेवर चिंधी बांधली आणि दुसऱ्या रात्री ते पुन्हा पाण्यावर गेले. खाडा झाला असता तर सालातून कापला गेला असता.

वाचकहो, आज मी पक्क्या घरात राहतो, कार्यालयात टेबलाशी बसून हिशेब लिहितो. गव्हाचा भाव, खताचा खर्च, मजुरी, सारे कागदावर मांडता येते. त्या भाजलेल्या बोटांचा रकाना मात्र मला कोणत्याही वहीत सापडला नाही.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आपल्या गावाच्या वाहिनीला ती लागू झाली का, हे ग्रामसभेत उठून विचारले पाहिजे. हिवाळ्यात आपण वर्गणी काढून ब्लँकेट वाटतो, ते जरूर वाटावे. उसाच्या फडावरील कोप्यांत तान्ह्या लेकरांसह राहणाऱ्या मजुरांपर्यंतही ते पोचवावे. पण ब्लँकेट पांघरून पाणी भरता येत नाही. ज्याला रात्रभर ओल्यात उभे राहावे लागते, त्याला दिवसाची पाळी आणि पायात गमबूट मिळणे हीच खरी ऊब.

वडील आता नाहीत. ती वाकळ मात्र मी जपून ठेवली आहे. डिसेंबर लागला की ती उन्हात घालतो आणि मुलांना सांगतो, ही कशाची आहे ते.