पुलावरची पट्टी

बातमी सांगण्याची हौस माणसाला उपजतच असते. मला ती अंमळ जास्त आहे. साताऱ्याला आमच्या पेठेत कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाच्या जावयाची बदली झाली, हे मला आधी कळते आणि एकदा कळले की पोटात राहत नाही. आमच्या घरातून यावर एकच शेरा असतो, "दवंडीवाल्याला निदान हलगी तरी लागते. तुम्हांला तीही लागत नाही!"

ही हौस एकदा मला चांगलीच महागात पडली. खरे तर मला नव्हे, दुसऱ्यालाच.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सांगलीला गावभागात राहते. तिच्या मुलीची परीक्षा चालू होती. चार दिवस पाऊस नुसता कोसळत होता. रात्री नऊच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक पत्रक आले : 'अतिवृष्टीमुळे उद्याचे सर्व पेपर पुढे ढकलण्यात येत आहेत.' वर बोधचिन्ह, खाली सही, सगळे कसे झोकात! मी तत्काळ सांगलीला फोन लावला. मग जिना उतरून खालच्या बिऱ्हाडातल्या बी.कॉम.च्या मुलाला आनंदाची वार्ता दिली. "झोप आता निवांत," असेही वर सांगितले.

भाची मात्र माझ्यासारखी भाबडी नव्हती. "मामा, पत्रकावर जावक क्रमांक कुठाय? मी बघते," म्हणाली. तिने विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहिले, कॉलेजातल्या मॅडमना विचारले. साडेदहाच्या सुमारास विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षाचा चार ओळींचा खुलासा आला : असे पत्रक काढलेले नाही, परीक्षा ठरल्या वेळी होईल. तिने मला लगेच फोन केला. पण मी सत्कृत्य केल्याच्या समाधानात फोन बैठकीच्या खोलीत ठेवून घोरत पडलो होतो.

सकाळी तिचे चुकलेले फोन दिसले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी धावत खाली गेलो. मुलगा पहाटेच मामाच्या गावी गेला होता. त्याची आई एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून..." वाक्य तिने पुरे केले नाही. ते आजही माझ्या कानांत अपुरेच आहे.

तोवर विद्यापीठाचा जनसंपर्क अधिकारी म्हणजे 'मान्यवरांच्या उपस्थितीत समारंभ उत्साहात संपन्न' अशा बातम्या लिहिणारा गृहस्थ, एवढीच माझी समजूत होती. सकाळी वर्तमानपत्रांतली कात्रणे कुलगुरूंपुढे ठेवायची, दीक्षान्त समारंभाला पत्रकारांच्या खुर्च्या मांडायच्या, की काम संपले! त्या चार ओळींनी माझे डोळे उघडले. समारंभाच्या शंभर बातम्या छापून आल्या नसत्या, तरी कुणाचे काही अडले नसते. ही एक वेळेवर आली म्हणून माझ्या भाचीचा पेपर वाचला.

आमच्या भागात तर हे काम फार मोलाचे. 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. त्याआधी सांगलीचे 1919 सालचे विलिंग्डन कॉलेज काय किंवा साताऱ्याचे 1947 सालचे छत्रपती शिवाजी कॉलेज काय, त्यांचा कारभार आधी मुंबई विद्यापीठाशी आणि मग पुणे विद्यापीठाशी बांधलेला. विद्यापीठ जवळ आले खरे. पण माण-जतच्या दुष्काळी गावातल्या मुलीला ते अजून दूरच वाटते. तिच्यापर्यंत पोचायचे, तर तिला कळेल अशा भाषेत बोलणारे कुणी आत असावे लागते. आणि तिचे म्हणणे आत नेणारेही!

थोरांनी हे काम कधी कमी मानले नाही. महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले आणि 1929 साली, वयाच्या सत्तरीनंतर, ते त्याची हकीकत सांगत युरोप, अमेरिका, जपान फिरले. पुढे आफ्रिकेतही गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तीही गावोगाव माणसांशी बोलूनच वाढवली. त्यांच्यापाशी ना कक्ष होता, ना अधिकारी. पण त्यांच्या शब्दावर लोकांनी पोटची पोरे हवाली केली. जनसंपर्काचे खरे भांडवल ते हेच. ते छापखान्यात मिळत नाही.

सांगलीकराला हे वेगळे सांगायला नको. कृष्णा चढू लागली की अख्खे गाव एकच प्रश्न विचारते : आयर्विन पुलापाशी पाणी किती? चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्या वर गेले. पुलावरची ती पट्टी कुणाला धीर देत नाही, कुणाला घाबरवीत नाही, पालिकेची स्तुती करीत नाही. पाणी जेवढे असेल तेवढेच दाखवते. म्हणून तर तिच्या आकड्यावर माणसे घरदार सोडून निघतात.

विद्यापीठाच्या त्या कचेरीने अशी पट्टी व्हावे. निकाल लांबला तर लांबला म्हणावे. चूक झाली तर चूक झाली म्हणावे. एरवी खरे सांगणाऱ्याचेच शब्द अफवेच्या रात्री कामाला येतात. बारा महिने नुसती वाहवा लिहिणाऱ्याचा खुलासा त्या रात्री कोण मानील?

खालच्या बिऱ्हाडातल्या मुलाने तो पेपर पुढच्या सत्रात दिला. निकालाच्या दिवशी तो कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन वर आला. मी संकोचून पेढा घेतला. त्याने पायांना हात लावला आणि हसून म्हणाला,

"काका, निकाल खरा आहे बरं का! संकेतस्थळावर दोनदा बघून आलोय. आता पेठेत सांगायला हरकत नाही."