आब्ला की आब्ले

स्पॅनिशमधल्या नियमित क्रियापदांच्या तीन जाती: आर, एर आणि ईर असा शेवट असणाऱ्या. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे जगणं किंवा राहणं (लिहितात व्ही, म्हणतात ब). वर्तमानकाळाचा सुब्खुन्तीवो (इंग्रजीत सबजंक्टिव्ह, आपल्या 'खावंस', 'जगो'सारखं रूप) करायचा तर 'मी'चं रूप घ्यायचं, शेवटचा ओ उडवायचा आणि शेजारघरचा स्वर आणून लावायचा. आरवाल्यांना ए, बाकीच्यांना आ. आब्लोवरून आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमोवरून कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबिर कोमेरच्याच वाटेने जातं. 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच, म्हणून एरवी गाळलेली सर्वनामं इथे कधी कधी परत बोलवावी लागतात.

*

बुस्कार (शोधणं) याचं बुस्के, येगार (पोचणं) याचं येगे. देवनागरीत लिहिलं तर यात विशेष काही घडलंच नाही. रोमनमध्ये मात्र ए समोर आला की सीचा क राहत नाही आणि जीचा ग राहत नाही, म्हणून सीऐवजी क्यू-यू आणि जीमागे एक मुका यू घुसवतात. काही पुस्तकं या बिचाऱ्यांना अनियमितांच्या यादीत टाकतात. दोष लिपीचा, शिक्षा क्रियापदाला.

*

कियेरो कोमेर: मला खायचंय. कियेरो के कोमास: तू खावंस असं मला वाटतं. माणसं दोन झाली की रूप बदललं. मराठीत 'खावंस' आपसूक तोंडात येतं. पण शिकणारा मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि हातातलं 'खावंस' सोडून 'टू ईट'च्या मागे लागतो.

*

'शंका असेल तिथे सुब्खुन्तीवो' हे सूत्र वर्गात फार चालतं. मला ते पटत नाही. 'दुदो के आब्ले', तो बोलेल याची मला शंका आहे, इथवर ठीक. पण 'मे आलेग्रा के बिबास आकी', तू इथे राहतोस याचा मला आनंद आहे, याचं काय करायचं? माणूस समोर उभा आहे, इथेच राहतो, शंका कसली? उलट 'क्रेओ के आब्ला', म्हणजे तो बोलतो असं मला वाटतं, यात खात्री कमीच, तरी रूप साधं! कारण इथे मी एक गोष्ट मांडतो आहे. तुझं इथे राहणं मला मांडायचं नाही, ते दोघांना ठाऊकच आहे. सांगायचा आहे तो आनंद. 'नो क्रेओ के आब्ले' यातही त्याचं बोलणं मी मांडत नाही, म्हणून पुन्हा ए. मराठी व्याकरणात साध्या रूपाला 'स्वार्थ' म्हणतात. क्रियापद स्वतःच्या बळावर काही सांगतंय का, एवढंच बघायचं.

*

'बुस्को उन मेदिको के आब्ले इंग्लेस': इंग्रजी बोलणारा डॉक्टर हवाय, कोणीही चालेल. 'बुस्को आ उन मेदिको के आब्ला इंग्लेस': असा एक डॉक्टर आहे, त्याला शोधतोय. दुसऱ्यात एक छोटासा 'आ' शिरला, कारण ठरावीक माणूस कर्म असला की स्पॅनिश त्याच्याआधी 'आ' लावतं. पहिल्यात अजून माणूसच नाही, 'आ' लावणार कोणाला?

*

मेक्सिकोत 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून 'बिबा मेहिको!' अशी ललकारी तीनदा देतात. हा बिबिरचा सुब्खुन्तीवो, 'जगो' असा. त्याआधी स्वातंत्र्यवीरांची नावं घेतात. वीर अनेक म्हटले की 'बिबान', एकाचं नाव आलं की 'बिबा'. एवढ्या आरडाओरड्यात वचन चुकत नाही. गोव्यात 24 जूनला सांजांवच्या सणात विहिरीत उड्या घेताना 'व्हिवा सांजांव' म्हणतात, तो पोर्तुगीजमधला याचाच सख्खा भाऊ.

*

दुकानाच्या दारावर 'एम्पुखे' (ढकला) आणि 'तिरे' (ओढा). जेवणाऱ्याला 'के आप्रोबेचे', झोपायला जाणाऱ्याला 'के देस्कान्सेस', आजाऱ्याला 'के ते मेखोरेस', मृत्यूच्या बातमीत 'देस्कान्से एन पास'. सगळी आरवाली, सगळी नियमित. वर्गात हा धडा बऱ्याच उशिरा येतो, पण स्पेनमध्ये उतरलेल्या माणसाला तो पहिल्याच दारावर भेटतो.

*

'क्वांदो येगा, कोमे': तो आला की जेवतो, रोजचंच. 'क्वांदो येगे, कोमेरा': तो आला की जेवेल, अजून यायचाय. मराठीत दोन्हीकडे 'आला की' तसंच राहतं, तो यायचा असला तरी रूप भूतकाळाचं, आणि फरक पुढच्या क्रियापदावर सोडून दिलेला. स्पॅनिशला ते चालत नाही. न घडलेलं येणं तिथे ए लावूनच सांगावं लागतं. त्यामुळे मराठीचा आधार घेणारा माणूस 'कियेरो के' बिनचूक म्हणतो, पण 'क्वांदो'पाशी हमखास घसरतो. इंग्रजीवालाही तिथेच घसरतो. त्याच्या भाषेत तर दोन्ही वाक्यांतल्या येण्याला साधा वर्तमानकाळच असतो.