रंधा का रुसतो?

सुताराच्या पेटीतल्या हत्यारांत मला रंध्याविषयी विशेष आदर वाटतो. करवत कुरकुरते, हातोडी आदळआपट करते, गिरमिट तर सरळसरळ भोसकतेच. रंधा मात्र समजूतदार. लाकडाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तो फिरतो आणि मागे पातळ, कुरळ्या सालपटांची रास ठेवून जातो. निदान दुसऱ्याच्या हातात असला म्हणजे तसे दिसते! नवशिक्याच्या हाती आला की हाच सद्गृहस्थ अडतो, थरथरतो, लाकडाचे लचके तोडतो. मग आपण म्हणतो, रंधा बिघडला.

पण त्यात बिघडायला असते काय? एक ठोकळा, त्याच्या पोटात एक तोंड, तोंडात तिरके बसवलेले पाते आणि ते दाबून धरणारी पाचर. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेईत जे रंधे सापडले, त्यांची जातकुळी हीच. लोखंडी रंध्याला पुढे स्क्रू आला, तरफ आली, पण रुसण्याची कारणे फारशी बदलली नाहीत. ती मला नीट उलगडली मैंदर्गीला, एका फळीच्या निमित्ताने.

मैंदर्गी हे आमचे गाव, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. एकाच वाक्यात मराठी आणि कानडी गुण्यागोविंदाने नांदतात. तिथल्या आमच्या दुकानाला शटर नव्हते, उभ्या सागवानी फळ्या होत्या. प्रत्येकीवर क्रमांक. रात्री क्रमाने खाचेत सरकवायच्या, सकाळी क्रमाने काढायच्या. वडील गेले, दुकान बंद झाले, फळ्या कोणी गोठ्याला नेल्या, कोणी माळ्याला. उरली एक, सात नंबरची. यंदा आईने सांगितले, "लक्ष्मीपूजनाला चौरंग हवा, आणि तो ह्यांच्याच फळीचा हवा." फळीची जाडी आठ सूत, म्हणजे जेमतेम एक इंच. लाकूड काढता येते, परत घालता येत नाही. दुसरी फळी आणायची कुठून?

गावातल्या मेस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. मुलगा पुण्यात विजेच्या रंध्यावर काम करतो, प्लायवूडची कपाटे बनवतो. ह्यांचा शिसवी रंधा अजून पेटीत. मी फळी त्यांच्यापुढे ठेवली आणि ते रंधा उचलतील म्हणून वाट पाहू लागलो. त्यांनी उचलला तारेचा ब्रश!

"मास्तर, आधी फळीला इचारा की. रंध्याला मागनं."

जुन्या फळीच्या अंगात धूळ, वाळू आणि मोडक्या खिळ्यांची टोके मुरलेली असतात. धूळ पात्याची धार खाते आणि खिळा तिला खाच पाडतो. मग प्रत्येक फेरीत लाकडावर एक उंचवट्याची रेघ उठते, आणि ती कुठून आली हे शोधत माणूस तासभर बसतो. मेस्त्रींनी फळी घासली, तिच्यावरून लोहचुंबक फिरवले. चार खिळे निघाले.

मग त्यांनी फळीची कड डोळ्यासमोर धरली. कडेवरच्या रेघा ज्या दिशेने वर चढत जातात, त्या दिशेने रंधा चालवायचा. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवून पाहा, म्हणजे लाकूड का उपसते ते कळेल. लचके निघू लागले तर जोर वाढवायचा नाही, फळी फिरवायची. गाठीपाशी रेघा दोन्हीकडून वळतात. तिथे पाते अगदी थोडे बाहेर ठेवून रंधा जरा तिरका धरायचा.

फळीची उलटतपासणी झाली, मग पात्याची पाळी. धार उजेडाकडे करायची. तिच्यावर पांढरी रेघ चमकली तर धार बोथट, कारण खऱ्या धारेवर उजेडाला टेकायला जागाच नसते. उतरती बाजू दगडावर घासली की मागच्या बाजूला बारीक तार येते. मागची बाजू सपाट टेकवून ती तार काढायची. ही तार काढायची राहिली तर धार लावूनही रंधा ओरबाडतो. निबंध तपासताना मला ह्या तारेची हटकून आठवण येते, पण ते असो.

थरथर होऊन लाकडावर लाटा उठल्या तर पाचर सैल झाली असेल, पात्याखाली भुसा बसला असेल, नाहीतर पाते फार बाहेर आले असेल. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की ते खाली सरकते, ठोकळ्याच्या मागच्या टोकाला ठोका दिला की सैल होऊन मागे येते. सालपटे तोंडात कोंबली जात असतील तर पाते आणि त्याच्या पाठीवरची लोखंडी पट्टी ह्यांत फट आहे का ते पाहावे. केसाएवढी फट पुरते. सालपट एका बाजूनेच जाड निघाले, तर पाते वाकडे बसले आहे.

फळीची दोन्ही टोके उतरती होतात, हा दोष मात्र रंध्याचा नव्हे, हाताचा. सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, शेवटी मागच्या. एवढे सांभाळले की पुरे.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण कधी कधी अंगण खरेच वाकडे असते! लाकडी रंध्याचा तळ तोंडाच्या पुढे झिजतो. मेस्त्रींच्या रंध्याला तिथे वेगळ्या लाकडाची चकती बसवलेली दिसली. मात्र तळावर संशय सर्वांत शेवटी घ्यायचा, कारण तळ घासला की तोही परत येत नाही.

शेवटच्या फेऱ्यांच्या आधी त्यांनी तळावर मेणबत्ती घासली आणि रंधा माझ्या हाती दिला. फळी गुळगुळीत झाली तेव्हा मोजले. गेले होते अर्धे सूत. खालची बाजू रंधायची का, असे मी विचारले. त्यांनी फळी उलटी केली, त्या सातावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "ही बाजू लक्ष्मीला कुठं दिसतीय?"

मग पाय ठोकायला घेतले.